घडवलेल्या मुली आणि झाशीची नाट्यशाळा

दक्षिण कोरियातल्या मुलींच्या गायन-नृत्य संचांविषयी मराठी सुशिक्षित घरांत एक मत आता ठाम झाले आहे. पुण्या-ठाण्यात ते ऐकू येते, इंदूर-ग्वाल्हेरला ऐकू येते आणि आमच्या झाशीतल्या मराठी घरांतही ऐकू येते. घरातली तेरा-चौदा वर्षांची मुलगी ट्वाइस किंवा ब्लॅकपिंकच्या गाण्यावर नाच बसवू लागली आणि गणेशोत्सवात तोच करायचा म्हणून हटून बसली, की वडीलधारी माणसे हे मत बोलून दाखवतात. हे संच आपोआप जमत नाहीत, असे ते म्हणतात. एखादी कंपनी शाळकरी मुलींच्या चाचण्या घेते, निवडलेल्यांना काही वर्षे आपल्या ताब्यात ठेवते, गळा, पाय, चेहरा, वजन, बोलणे सगळे तासून घेते आणि बाजाराचा अंदाज पाहून चार, पाच किंवा नऊ जणींना एकत्र उभे करते. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, नाच तिसऱ्याने बसवलेला. जे असे बाहेरून घडवले जाते ती कला नव्हे, तो माल. आपली कला घराण्यातून, साधनेतून, आतून उमलते. तिकडची करारपत्रातून निघते.

या मताचा आदर राखूनच मला त्याचे खंडन करायचे आहे. कोरियातल्या पद्धतीचे त्यातले वर्णन बरेचसे खरे आहे. पण 'घडवले म्हणून कला नाही' हा निष्कर्ष त्या वर्णनातून निघत नाही, आणि 'आपल्याकडे असे नव्हते' हे विधान तर आपल्याच रंगभूमीचा इतिहास पुसून टाकते. झाशीत राहून तसे म्हणणे मला विशेष खटकते.

ज्या राजाला झाशीबाहेरचे लोक केवळ राणीचा नवरा म्हणून ओळखतात, त्या गंगाधरराव नेवाळकरांपासून सुरुवात करू. १८३८ मध्ये गादीचा वारसा त्यांच्याकडे आला आणि काही वर्षांनी इंग्रजांनी कारभाराचे पूर्ण अधिकार त्यांच्या हाती दिले. १८४२ मध्ये लक्ष्मीबाईंशी त्यांचे लग्न झाले. गंगाधररावांना नाटकाचा मोठा नाद होता. पदरी नाट्यशाळा होती, नट-नटी होत्या, वाजवणारे होते. स्वतः राजा स्त्रीवेष घेऊन रंगभूमीवर उभा राही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ च्या इंग्रजांच्या वेढ्यात झाशीत होते. त्यांच्या 'माझा प्रवास' मध्ये या नादाची वर्णने आहेत. गंगाधररावांना जाऊन तेव्हा चारएक वर्षे झाली होती, म्हणजे भटजींनी लिहिले ते शहरात ऐकलेले. त्यात कुजबुज आहे, आश्चर्य आहे, थोडी चेष्टाही आहे. पुढच्या लेखकांनी चेष्टा तेवढी उचलली आणि 'नाटकवेडा, बायकी राजा' हा शिक्का कायमचा बसला.

हा शिक्का बाजूला ठेवून काळाकडे पाहावे. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले. मराठी रंगभूमीचा जन्म आपण तिथून मोजतो. त्या नाटकामागे सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांचा आश्रय आणि पैसा होता. मुले निवडली गेली, राजाच्या खर्चाने जेवली, भाव्यांच्या हाताखाली पदे आणि सोंगे शिकली. कोणीही 'आतून उमलून' तिथे आलेले नव्हते. सांगलीच्या राजाने नाटकाला पैसा दिला तर तो रंगभूमीचा आश्रयदाता, आणि त्याच दशकात झाशीच्या राजाने दिला तर तो छंदीफंदी, हा न्याय कसला? दोघांनी एकच गोष्ट केली. पोटाची चिंता नसेल अशा जागी काही माणसे आणून ठेवली, त्यांना शिकवणारा दिला आणि तयार होईपर्यंत वेळ दिला.

फरक पुढे पडला, आणि माझ्या लेखी सगळ्या वादाचे मर्म तिथे आहे. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले. सांगलीचा आश्रय सुटला, तेव्हा भावे आपला संच घेऊन गावोगाव निघाले आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकघरात तिकीट लावून त्यांनी खेळ केले. राजाचा हात सुटला, पण प्रेक्षकांचा सापडला. त्याच १८५३ च्या नोव्हेंबरात झाशीत गंगाधरराव गेले. पुढच्या वर्षी गव्हर्नर जनरल डलहौसीने संस्थान खालसा केले. झाशीच्या नाट्यशाळेला ग्रँट रोड सापडला नाही. ज्या बायकांनी तिथे वर्षानुवर्षे गाणे-नाचणे शिकून घेतले होते, त्यांच्यापाशी कला उरली, पण ती मांडायची जागा गेली.

त्यांचे पुढे काय झाले, याची कथा वृंदावनलाल वर्मांनी सांगितली. ते मऊरानीपूरचे, झाशीत वकिली करत. पारसनिसांनी १८९४ मध्ये लिहिलेल्या राणीच्या मराठी चरित्रात राणी इंग्रजांच्या वतीने झाशी सांभाळत होती असा सूर आहे. वर्मांच्या घरात पणजीच्या तोंडून आलेल्या गोष्टी वेगळे सांगत होत्या. तो सल मनात ठेवून त्यांनी वर्षानुवर्षे कागद आणि माणसे धुंडाळली आणि १९४६ मध्ये 'झाँसी की रानी लक्ष्मीबाई' ही कादंबरी प्रसिद्ध केली. खंडन-मंडनाचाच तो एक मोठा उद्योग होता. त्या कादंबरीत मोतीबाई आणि जूही या गंगाधररावांच्या नाट्यशाळेतल्या नटी आहेत. राजा गेल्यावर राणी त्यांना आपल्याकडे घेते. वेष पालटणे, आवाज बदलणे, समोरच्याचा चेहरा वाचणे ही रंगभूमीवर शिकलेली विद्या त्या हेरगिरीला लावतात, आणि शेवटी तोफेपाशी उभ्या राहतात.

कादंबरी म्हणजे पुरावा नव्हे, हे मी विसरत नाही. पण झाशीच्या किल्ल्यात राणीच्या बाजूने लढलेल्या गुलाम गौस खाँ आणि खुदाबक्ष यांच्यासोबत मोतीबाईचीही कबर दाखवतात, भवानीशंकर तोफ ती चालवत असे असे सांगतात, आणि बायका मोर्चावर होत्या याला तर खुद्द शत्रूची साक्ष आहे. इंग्रज सेनापती सर ह्यू रोजने आपल्या खलित्यात नोंदवले आहे की वेढ्याच्या वेळी बुरुजांवरच्या तोफखान्यात बायका काम करताना आणि दारूगोळा वाहून नेताना दिसत होत्या. राजाच्या हौसेखातर ज्या घडवल्या गेल्या, त्या बायका केवळ त्याच्या हौसेच्या राहिल्या नाहीत, असे झाशीने पिढ्यान्‌पिढ्या मानले. शिकवणाऱ्याचा हेतू काहीही असो, शिकलेली विद्या शिकणाऱ्याची होते. के-पॉपवर, म्हणजे या कोरियन गाण्या-नाचावर बोलताना हीच गोष्ट आपण विसरतो.

आता 'आपल्याकडे साधना होती, तिकडे कंपनी आहे' या म्हणण्याकडे वळतो. मराठी संगीत नाटकाला ज्यांनी सुवर्णकाळ दिला त्या संस्थांना आपले आजी-आजोबा 'कंपनी'च म्हणत. कंपनीचे बिऱ्हाड असे, मालक असे, तालीममास्तर असे. गोड गळ्याचा मुलगा गावात आहे असे कळले की कंपनीचा माणूस त्याच्या घरी जाई. घर गरीब असेल तर बोलणे लवकर पुरे होई. केशवराव भोसले अगदी लहानपणी स्वदेशहितचिंतक मंडळीत आले आणि 'शारदा' नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने गाजले. नारायण राजहंस १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले. गोविंद बल्लाळ देवलांनी त्यांचा अभिनय घडवला, भास्करबुवा बखल्यांनी गळा घडवला, आणि त्यातून बालगंधर्व उभे राहिले. चालणे, मान वळवणे, पदर सावरणे, शब्दावर कुठे थांबायचे आणि कुठे नाही, सगळे तालमीत बसवलेले. ज्या मुलाचा आवाज फुटे आणि परत जमत नसे, त्याचे पुढे काय होई ते नाटकाच्या इतिहासात क्वचितच लिहिलेले असते. एवढे सगळे असूनही बालगंधर्वांच्या कलेला कोणी माल म्हटलेले मी ऐकले नाही. म्हणू नयेच. पण मग जो निकष नारायणाला लावत नाही, तो सोलच्या मुलीला का लावायचा?

यावर 'ते पुरुष होते, मुलींची गोष्ट निराळी' असे कोणी म्हणेल. मान्य. मग मुलींचेच उदाहरण घेऊ.

ताराबाई माने बडोद्याच्या. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांबरोबर त्यांनी संसार केला आणि १९२२ मध्ये मुलाबाळांना घेऊन त्या वेगळ्या झाल्या. त्या काळी पाच मुलांच्या आईने असे बाहेर पडणे म्हणजे काय, याची कल्पना आज करणे कठीण. घरात पैसा नव्हता, पण गळे होते. सुरेशबाबू, हिराबाई, कृष्णराव, कमलाबाई आणि सरस्वती. गाणे हेच या घराचे उत्पन्न होणार हे ठरून गेले. हिराबाई १९०५ साली मिरजेला जन्मलेल्या. त्यांना सुरेशबाबूंची आणि अब्दुल वहीद खाँसाहेबांची तालीम मिळाली. तिकीट लावून स्त्रीने जाहीर मैफल करावी, बैठकीत हावभावाविना नुसते गाणे गावे, ही वाट त्यांनी रुळवली. पुण्यात नूतन संगीत विद्यालय चालवले आणि १९२९ पासून त्याच्या नाट्यशाखेतर्फे ही भावंडे 'सौभद्र'सारखी नाटके करू लागली. बालगंधर्व स्त्रीभूमिकांवर राज्य करत असताना, स्त्रियांनीच स्त्रीभूमिका कराव्यात हे त्यांनी रंगभूमीवर उभे राहून सिद्ध केले. कंपनी कर्जात बुडाली, आणि हिराबाईंनी गाण्याच्या कमाईतून ते फेडले. संगीत नाटक अकादमीचा मान, पद्मभूषण हे सगळे नंतरचे.

या मुलींनी संच जमवला की तो त्यांच्यासाठी जमवला गेला? उत्तर सरळ आहे. आईने ठरवले, भावाने शिकवले, परिस्थितीने ढकलले. सरस्वतीबाई लहानपणीच रंगभूमीवर आल्या. त्यांचे मत कोणी विचारून घेतले असेल असे मला वाटत नाही. तरीही हिराबाई आणि सरस्वतीबाई या दोघी बहिणींनी पुढे, उतारवयात, एकत्र बसून जुगलबंद्या गायल्या. दोन स्त्रियांनी ख्यालाची जुगलबंदी करणे ही नवीच गोष्ट होती, आणि ती त्यांना कोणी नेमून दिलेली नव्हती.

आता कोरियाकडे जाऊ, म्हणजे हे साम्य किती जवळचे आहे ते कळेल. के-पॉपचा इतिहास सांगणारे बहुतेक जण १९९७ मध्ये आलेल्या एस. ई. एस. पासून मुलींच्या संचांची गणना करतात. पण जगात ज्यांनी प्रथम नाव काढले त्या कोरियन मुली त्याच्या चाळीस वर्षे आधीच्या. ली नान-यंग ही जपानी राजवटीतली मोठी गायिका. मोकपो बंदरावरचे तिचे गाणे १९३५ मध्ये घराघरांत पोचले होते. तिचा नवरा किम हे-सोंग संगीतकार होता. १९५० च्या युद्धात त्याला उत्तरेकडे नेले, तो परत आला नाही. घरात मुलांचे लटांबर आणि सोल शहर बेचिराख. नान-यंग अमेरिकन सैनिकांच्या छावण्यांत गाऊ लागली आणि तिने दोन मुली आणि एक भाची अशा तिघींचा संच बांधला. मुलींना इंग्रजी येत नव्हते. आई गाणी कानाने पाठ करून घेई, वाद्यांमागून वाद्ये शिकवी, चुकले तर पुन्हा म्हणायला लावी. याच किम सिस्टर्स. १९५९ मध्ये त्या लास व्हेगसला गेल्या आणि अमेरिकन दूरचित्रवाणीवरच्या एड सलिव्हनच्या कार्यक्रमात त्यांना पुन्हा पुन्हा बोलावणे येऊ लागले.

नवरा गमावलेली एक गायिका सोलमध्ये, नवऱ्यापासून वेगळी झालेली एक गायिका महाराष्ट्रात. दोघींनी मुलांच्या गळ्यावर घर उभे केले. 'मुलींचे संच म्हणजे पुरुषांच्या कंपन्यांनी बाजारासाठी काढलेला माल' हे वाक्य ताराबाई माने आणि ली नान-यंग यांच्यासमोर उच्चारता येईल का? मला तरी येणार नाही. मुली घडवणे हा उद्योग व्यापाऱ्यांनी शोधलेला नाही. तो निराधार झालेल्या, हातात विद्या असलेल्या बायकांनी आधी केला आहे. व्यापारी मागून आले.

ते मागून आले आणि त्यांनी काय केले, हेही नीट पाहू. ट्वाइस या संचाची घडण उघड्यावर झाली, त्यामुळे ती तपासता येते. जेवायपी कंपनीने २०१५ च्या मे ते जुलै या काळात एमनेट वाहिनीवर 'सिक्स्टीन' नावाची स्पर्धा चालवली. शिकत असलेल्या सोळा मुली, त्यातून संच निघायचा. ठरले होते सात, निघाल्या नऊ. मोमो मध्येच बाद झाली होती, तिला शेवटी परत घेतले. त्झुयूला प्रेक्षकांच्या पसंतीवर घेतले. पाच कोरियन, तीन जपानी, एक तैवानची. २० ऑक्टोबर २०१५ रोजी पहिले गाणे आले. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये 'चियर अप' आले आणि २०१६ च्या 'मामा' या कोरियन संगीत पुरस्कारांत ते वर्षाचे गाणे ठरले. वर्ष-सव्वा वर्षात एवढी उडी, म्हणून लोक म्हणतात की सगळे आधीच जुळवलेले होते.

जुळवलेले होतेच. पण कधीपासून? या संचाची म्होरकी जिह्यो २००५ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, कंपनीत शिकायला आली. ती रंगमंचावर संचाची म्हणून उभी राहिली तेव्हा दहा वर्षे उलटली होती. तिच्या बरोबरीच्या मुली पुढे गेल्या, काही कंपनी सोडून गेल्या, ठरलेले बेत मोडले, ती शिकत राहिली. दहा वर्षांच्या रियाजाला आपण मराठीत काय म्हणतो? किराणा घराण्यात कोणी दहा वर्षे षड्ज लावत बसला तर ती तपश्चर्या, आणि सोलच्या तळघरातल्या आरशासमोर एक मुलगी दहा वर्षे गाणे-नाच घोटत राहिली तर तो कारखाना, असे म्हणता येत नाही. दोन्हीकडे शरीर झिजते, दोन्हीकडे गुरू कठोर असतो, दोन्हीकडे बहुतेकांच्या हाती शेवटी नाव लागत नाही.

दोन्ही कला एका तोलाच्या आहेत असे मी म्हणत नाही. ख्यालात एका रागाचा विस्तार गाणारा त्या क्षणी रचत असतो. तीन मिनिटांच्या ठरलेल्या गाण्यात ती मोकळीक नाही, आणि ही उणीव खरी आहे. नऊ जणींच्या हालचाली एकाच निमिषात जुळणे हे कौशल्य मोठे असले तरी त्यात एकटीचे मन उमटायला जागा थोडी. हा आक्षेप मी खोडून काढत नाही. मात्र तो ठरलेल्या रचनेवरचा आक्षेप आहे, घडवण्यावरचा नव्हे. आणि जागा थोडी असली तरी ती मुळीच नसते असेही नाही. २०२२ मध्ये कराराची मुदत संपत आली तेव्हा नऊही जणींनी तो आपल्या मर्जीने पुन्हा केला, आणि २०२३ मध्ये जिह्योने स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली तेव्हा गाणी लिहिण्यातही तिचा हात होता.

घडवण्यात कसूर झाली तर काय होते, ते पाहायला कोरियात जायला नको. २००२ मध्ये मुंबईत चॅनल व्हीने 'पॉपस्टार्स' ही स्पर्धा घेतली. मूळ कल्पना न्यूझीलंडची. देशभरच्या चाचण्यांतून पाच मुली निवडल्या: नेहा भसीन, अनुष्का मनचंदा, प्रतीची मोहापात्रा, सीमा रामचंदानी आणि महुआ कामत. त्यांचा संच 'व्हिवा'. भारतातला या पद्धतीचा पहिला मुलींचा संच. ध्वनिमुद्रिका आली, गाणी शाळा-कॉलेजांत वाजली. पुढच्या वर्षी सीमा बाहेर पडली, उरलेल्या चौघींची दुसरी ध्वनिमुद्रिका आली, आणि मग संच विरून गेला. नेहा आणि अनुष्का नंतर हिंदी चित्रपटांत पार्श्वगायिका म्हणून पुढे आल्या, म्हणजे गळ्यात काही कमी नव्हते. कमी होती ती एकत्र राहून शिकण्याची वर्षे. निवड आणि पहिले गाणे यांत काही महिन्यांचे अंतर. संच बनवला म्हणून तो टिकला नाही असे त्या वेळी लिहिले-बोलले गेले. मला नेमके उलटे दिसते: निवडला, पण घडवला नाही. भाव्यांनी सांगलीत किंवा ताराबाईंनी घरात जेवढा वेळ दिला, तेवढा इथे कोणी दिला नाही.

आता पूर्वपक्षाच्या ज्या भागाला मी मान देतो, तिकडे येतो. या मुलींचे शोषण होते, हे खोटे नाही. २००९ मध्ये टीव्हीएक्सक्यू या मुलांच्या संचातले तिघे आपल्या कंपनीविरुद्ध न्यायालयात गेले, तेव्हा तेरा वर्षांचे करार जगापुढे आले. त्याच वर्षी कोरियातल्या व्यापार आयोगाने नमुना करार ठरवून दिला आणि मुदत सात वर्षांवर आणली. २०१४ च्या कायद्याने वयात न आलेल्या कलाकारांच्या कामाच्या तासांना आणि रात्रपाळीला मर्यादा घातली. तरी कुरबुरी संपल्या नाहीत. २०२२ मध्ये आलेल्या न्यूजीन्सच्या पाच मुलींनी २०२४ च्या नोव्हेंबरात करार मोडल्याचे जाहीर केले. २०२५ च्या ऑक्टोबरात सोलच्या न्यायालयाने करार कायम असल्याचा निकाल दिला. ज्या मुलीने नाव कमावले तिला आपल्या नावाने गाता येत नाही, ही दुःखाची आणि अन्यायाची गोष्ट आहे.

पण आपल्या कंपन्यांतही हेच झाले. १९०८ मध्ये केशवराव भोसले बाहेर पडले आणि त्यांनी हुबळीला ललितकलादर्श काढली. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्करमधून निघाले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. १९१८ मध्ये दीनानाथ मंगेशकर बलवंत संगीत मंडळीत भागीदार झाले. मराठी संगीत नाटकाचा अर्धा इतिहास हा घडलेल्या नटांनी घडवणाऱ्या मालकाचे छप्पर सोडण्याचा इतिहास आहे. तेव्हा सोडता आले, कारण त्यांना बांधून ठेवणारी कागदपत्रे इतकी घट्ट नव्हती आणि गावोगावचा प्रेक्षक नटाच्या नावावर येत असे. कोरियातल्या मुलीचे नाव, तिच्या संचाचे नाव, तिचे गाणे आणि तिच्या चेहऱ्याचे चित्र यांची मालकी आधीच लिहून घेतलेली असते. मला खटकते ते हे.

म्हणून दोष नेमका कुठे आहे ते ओळखायला हवे. मुलीला कोणी घडवले यात दोष नाही. घडवणाऱ्याच्या हातात तिचे शिकणे, जेवण, राहणे, नाव आणि मिळकत हे सगळे एकत्र असणे आणि त्याने हात काढला की तिच्यापाशी काहीच न उरणे, यात दोष आहे. झाशीत गंगाधररावांनंतर असेच घडले: विद्या उरली, पण ती मांडायची जागा गेली. चिंतामणराव गेल्यावर सांगलीचे लोक तरले, कारण भाव्यांच्या हातात खेळ होता आणि तो घेऊन ते कुठेही जाऊ शकत होते. हिराबाई कर्जातून वर आल्या, कारण कंपनी बुडाली तरी गळा त्यांचाच होता. 'घडवलेली की उमललेली' हा प्रश्न सोडून 'तिच्या हाती काय उरते' हा प्रश्न विचारला, की कोरियातल्या चांगल्या आणि वाईट कंपन्या वेगळ्या करता येतात, आणि आपल्या जुन्या नाटक मंडळ्याही. सरसकट तिरस्कारामुळे हा विवेक करता येत नाही. त्याने नुकसान होते ते मुलींचेच, कारण वाईट करार करणाऱ्याला 'हा धंदाच असा' म्हणून सुटता येते.

'हे आपले नाही' हा शेवटचा आक्षेप मी थोडक्यात घेतो. ओडिशाच्या झारसुगुड्याची श्रेया लेंका २०२२ मध्ये ब्लॅकस्वान या कोरियन संचात गेली. ती ओडिसी शिकलेली होती. आधीचा नाच तिला टाकून द्यावा लागला नाही; तिच्या अंगातली शिस्त तिथूनच आलेली. जी मुलगी एक नाच मनापासून शिकते तिला दुसरा परका राहत नाही. झाशीतल्या मराठी घरांनी तर याचे भय बाळगायचे कारणच नाही. तीनशे वर्षांपूर्वी आपले पूर्वज बुंदेलखंडात आले, इथली बोली बोलू लागले, इथला फाग गाऊ लागले, आणि गणपतीही बसवत राहिले.

तेव्हा झाशीतल्या आणि इतरत्रच्या मराठी पालकांना माझी विनंती आहे. मुलगी नाच बसवते आहे तर तिला शिकवणारे माणूस शोधून द्या. तिला कोणी स्पर्धेला, वाहिनीवर किंवा कंपनीत बोलावले, तर नकार किंवा होकार देण्याआधी करार वाचा, वकिलाला दाखवा. मुदत किती, खर्च कोणाच्या नावावर, नाव कोणाचे, शाळेचे काय, हे विचारा. आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनी यंदाच्या गणेशोत्सवात या मुलींना वेळ द्यावा, तालमीला सभागृह द्यावे आणि ज्या मुलीने नाच बसवला तिचे नाव कार्यक्रम पत्रिकेत छापावे.